चौकशी न करणारं गाव

पुण्यात भाड्याची जागा बघायला गेलं की घरमालक आधी माणूस बघतो आणि पटला तर जागा दाखवतो. मूळ गाव कुठलं, तिथे अजून कोण असतं, लग्नाला किती वर्षं झाली, मग अजून दोघंच कसे, सासरची मंडळी आली की किती दिवस राहतात, मासे घरात शिजणार की बाहेरून येणार, पेटी-तबल्याचा नाद वगैरे आहे का. सगळ्याची समाधानकारक उत्तरं दिली की ११ महिन्यांचा करार होतो आणि पुढचे ११ महिने जिन्यात पुरवणी प्रश्न येत राहतात.

इंग्लंडमधल्या खेड्यात एका बेडरूमचा फ्लॅट घेताना यातलं काहीही झालं नाही. धर्म किंवा वंश बघून जागा नाकारणं तिथे २०१०च्या समानता कायद्याने बेकायदा आहे. पण बाकीचे प्रश्न विचारायला कायदा आड येत नाही, संस्कार येतात. इंग्रज माणसाला दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत नाक खुपसण्याची शिसारी असते असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते खरं आहे. त्याला विचारायची शिसारी असते. माहीत असण्याची मुळीच नसते.

आम्ही त्या खेड्यात पोचलो ते बायकोला डॉर्चेस्टरच्या रुग्णालयात नोकरी लागली म्हणून. डॉर्चेस्टर हे डॉर्सेट परगण्यातलं मुख्य गाव. हा परगणा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे आणि त्यात एक मैलसुद्धा मोटरवे नाही, ही गोष्ट तिथले लोक तक्रार म्हणून न सांगता पदवी असल्यासारखी सांगतात. आसपासच्या खेड्यांची नावं पिडलट्रेन्थाइड, टॉलर पॉर्कोरम, राइम इन्ट्रिन्सिका अशी. आईला फोनवर पत्ता सांगितला तेव्हा तिने तो तीनदा विचारला आणि शेवटी वहीत ‘लंडनजवळ’ एवढंच लिहून घेतलं.

डॉर्चेस्टरमध्ये परवडणारी जागा मिळेना, तेव्हा मोर्चा खेड्याकडे वळवला. पण इंग्लिश खेड्यात फ्लॅट ही चीज मुळात नसते. तिथे लोक घरात राहतात. बरीचशी घरं तर लोक नसतानाही राखून ठेवलेली असतात, कारण मालक लंडनला असतात आणि ऑगस्टमध्ये येतात. फ्लॅट निर्माण होतो तो एखाद्या इमारतीचा मूळ धंदा बुडाला की. शाळा बंद पडली, चॅपलला भाविक उरले नाहीत, पब तोट्यात गेला, की आत प्लायवूडच्या भिंती घालून एकेका बेडरूमच्या जागा काढतात. आम्हाला मिळाली ती जुन्या पोस्टाच्या वरची. २००७ ते २००९ या काळात सरकारने देशभरातली सुमारे अडीच हजार पोस्ट ऑफिसं बंद केली, त्या लाटेत हेही गेलं. पोस्ट गेलं म्हणून गावातल्या बातम्यांची ने-आण थांबली नव्हती, हे यथावकाश कळलं.

एजंट म्हणजे टोकदार बुटांतला एक पोरगेला तरुण होता. आमच्याबद्दल एकही प्रश्न न विचारता त्याने आमच्याबद्दलचे कागद मागितले. परदेशी माणसाला या देशात राहायचा हक्क आहे की नाही हे तपासण्याचं काम २०१४च्या इमिग्रेशन कायद्याने घरमालकाच्या गळ्यात घातलं, आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून ते सगळ्या इंग्लंडभर लागू झालं. त्यामुळे विमानतळावरच्या अधिकाऱ्याने जांभई देत पाहिलेला व्हिसा या पोराने डोळ्यांत तेल घालून पाहिला. त्यासाठी सरकारी संकेतस्थळावरून नऊ अक्षरं-आकड्यांचा शेअर कोड काढून द्यावा लागला. मग पगार. वर्षाची कमाई महिन्याच्या भाड्याच्या तीसपट भरली पाहिजे असा तिथला रिवाज. ती भरली. मग आधीच्या घरमालकाची शिफारस.

पुण्याच्या घरमालक काकांना एका तपासणी कंपनीचा ई-मेल गेला. प्रश्न साधे होते. भाडं वेळेवर देत होते का? पुन्हा ठेवाल का? होय किंवा नाही यावर खूण करायची. काकांनी खूण केली नाही. त्यांनी कंपनीलाच उलट लिहिलं: आपण कोण, कुठून लिहिता, मुलं राहणार आहेत ती जागा कितव्या मजल्यावर आहे, पाणी चोवीस तास असतं का, आणि भाजी किती लांब मिळते. कंपनीने हे उत्तर ‘होय’ म्हणून धरलं असावं, कारण तीन दिवसांत आमचा अर्ज मंजूर झाला.

पैशांच्या बाबतीत मात्र थक्क व्हायला झालं. २०१९च्या कायद्याने एजंटला भाडेकरूकडून जवळजवळ कसलीही फी उकळता येत नाही. जागा धरून ठेवायला फार तर एका आठवड्याचं भाडं, अनामत फार तर पाच आठवड्यांचं, आणि तीसुद्धा ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेच्या संरक्षणाखाली. मुंबई-बंगळुरूच्या डिपॉझिटला सरावलेल्या माणसाला वाटतं की या पोराचा हिशेब चुकलाय, आणि तो धोरणाने गप्प बसतो.

एकच गोष्ट खटकली. घरमालक दिसलाच नाही. करारावर त्याचं नाव होतं, सही होती, पण माणूस नव्हता. ‘ते सध्या बाहेर असतात,’ एवढंच एजंट म्हणाला. मालक नसलेलं घर म्हणजे चैनच, असं आम्हाला वाटलं. पुढे लक्षात आलं की एक मालक दिसत नाही तेव्हा त्याची जागा बाकीचे बरेच जण घेतात.

पहिला मालक म्हणजे इतिहास. आमची इमारत ‘ग्रेड टू लिस्टेड’ होती. जतन करण्याजोग्या वास्तूंची इंग्लंडमध्ये सरकारी यादी असते आणि तिच्यातल्या दहापैकी नऊहून जास्त वास्तू या वर्गात मोडतात. यादीतल्या घराचं रूप परवानगीशिवाय बदलणं हा चक्क गुन्हा आहे. त्यामुळे खिडकीला एकच काच, आणि ती चौकटीत नीट बसत नसली तरी तिला हात लावायची सोय नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या सुताराने ठेवलेल्या फटीतून आजचा वारा आत येतो आणि त्या फटीला कायद्याचं संरक्षण असतं. घर किती ऊर्जा खातं याचं प्रमाणपत्रही असतं, ‘ए’पासून ‘जी’पर्यंत. भाड्याने द्यायचं तर साधारणपणे ‘ई’ श्रेणी तरी लागते. आमच्या घराला ‘ई’ होती. काठावर पास.

दुसरा मालक म्हणजे हीटर. गावात गॅसची पाइपलाइन नाही. कोणी अंगणातल्या टाकीत तेल भरून घेतं, कोणी लाकडं जाळतं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला अंगणच नसल्याने त्याच्या नशिबी स्टोरेज हीटर येतो. त्याच्या पोटात विटा असतात. ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाच्या १९७८ सालच्या योजनेनुसार रात्री सात तास वीज स्वस्त मिळते. त्या सात तासांत विटा तापतात आणि दिवसभर ती ऊब सावकाश सोडतात. कल्पना उत्तम आहे, फक्त दिवसभर कोणीतरी घरी हवं. पहाटे तीनला आम्ही पांघरुणं फेकून देत असू तेव्हा बेडरूमचं जळगाव झालेलं असे. संध्याकाळी सातला बायको ड्यूटीवरून यायची तेव्हा विटांनी महाबळेश्वर गाठलेलं असायचं.

जानेवारीत बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशी उगवली. एजंटला फोटो पाठवला. त्याचं उत्तर तत्परतेने आलं: कपडे घरात वाळवू नका, खिडक्या रोज उघड्या ठेवा, स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा. थोडक्यात, घर आमच्या श्वासोच्छ्वासामुळे ओलं होत होतं. बाहेर ऑक्टोबरपासून पाऊस पडत होता, त्याचा यात काही हात नव्हता. फोडणी करताना झाकण कसं ठेवायचं याबद्दल पत्रात मार्गदर्शन नव्हतं.

आणि फोडणीतूनच गावाशी ओळख झाली. भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म असणं २०१५ पासून सक्तीचं आहे. आमचा नेमका स्वयंपाकघराच्या दाराबाहेर होता. मोहरी तडतडली की तो बोंबलायला लागे. मग बायको डाव धरून फोडणी सांभाळणार आणि मी खुर्चीवर चढून टॉवेलने अलार्मला वारा घालणार, असा रविवारचा परिपाठ पडला. कोणी धावत आलं नाही, कोणी तक्रार केली नाही. पण दोन दिवसांनी शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, “रविवारी बाराच्या सुमाराला तुमच्याकडे काहीतरी छान शिजत होतं.”

यातली खुबी अशी, की हा प्रश्न नव्हता. इंग्लिश खेड्यात प्रश्न विचारत नाहीत. एक विधान करतात आणि थांबतात. “आज लवकर निघालात.” “पाहुणे आले होते वाटतं.” “मिसेस हल्ली रात्रपाळीला दिसतात.” विधानानंतर शांतता पसरते. ती भरून काढायला फार तर हवेबद्दल एखादं वाक्य येतं आणि पुन्हा शांतता. ती शांतता आपल्याला सोसत नाही. आपण घडाघडा बोलायला लागतो: पाहुणे म्हणजे सासू-सासरे, व्हिसा दुसऱ्या खेपेला मिळाला, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मेहुण्याचं अजून कुठे जमत नाहीये. पुण्याच्या काकांना जी माहिती काढायला वर्ष लागलं असतं ती पाच मिनिटांत कुंपणापलीकडे जाते, आणि वर आजीबाई ओशाळून म्हणतात, “अरेरे, मला उगाच चौकशी करायची नव्हती हं.”

जे तोंडाने कळत नाही ते कचऱ्यातून कळतं. इथे एका आठवड्याला काळा कचरा, दुसऱ्या आठवड्याला पुनर्वापराचा, काचेसाठी वेगळा खोका, आणि उरलेल्या अन्नासाठी कोल्ह्यांना उघडता येऊ नये अशी कडी असलेली छोटी बादली. या आठवड्यात कुठला बिन बाहेर ठेवायचा याचं छापील वेळापत्रक असतं, पण ते कोणी बघत नाही. सगळी गल्ली एका निवृत्त मास्तरांच्या दाराकडे बघते. त्यांनी जो ठेवला तो सगळ्यांनी ठेवायचा. ते एकदा मुलीकडे गेले होते तेव्हा आमच्या रांगेत तीन रंगांचे बिन उभे होते आणि गावात निर्नायकी पसरली होती. काचेचा खोका मात्र उघडाच असतो. कोणाच्या घरी आठवड्याला किती बाटल्या रिकाम्या होतात हे सकाळी कुत्रा फिरवता फिरवता दिसतं. आमच्या खोक्यात बाटल्या नसायच्या, नुसत्या बरण्या असायच्या. “लोणचं बरंच लागतं तुम्हाला,” मास्तर म्हणाले आणि थांबले. लिंबाचं की कैरीचं, हे मी आपणहून सांगितलं.

गावाच्या मधोमध लाल टेलिफोन बूथ आहे. सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी राजा पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ साली ज्याचा आराखडा केला, तोच हा नमुना. मोबाइल आले, बूथ ओस पडले, तेव्हा २००८ पासून ब्रिटिश टेलिकॉमने ते एकेक पौंडाला गावांना देऊन टाकायला सुरुवात केली. भाड्याच्या मानाने बघितलं तर परिसरात याहून स्वस्त जागा नव्हती. चारी बाजूंनी उजेड, दार स्वतंत्र, आणि आत बुरशी अजिबात नाही. आमच्या गावाने त्यात वाचनालय केलंय. हवं ते पुस्तक न्यायचं, वाचून आणून ठेवायचं, नोंद नाही, शुल्क नाही. काचेच्या पेटीत उभं राहून तुम्ही काय उचललंत हे समोरच्या चार खिडक्यांना दिसतं, त्यामुळे नोंदीची गरजही नसते. मी एकदा बागकामाचं पुस्तक नेलं, तर ऑगस्टमध्ये आमच्या पायरीवर लोकांनी जास्तीच्या झुकिनी आणून ठेवल्या. बाग नसलेल्या माणसाला भाजी कमी पडत असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता.

मी घरून काम करतो, त्यामुळे संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडायचो. हे गावाला जड गेलं. कुत्र्याशिवाय फिरणारा माणूस तिथे बघवत नाही. हातात दोरी असती तर पंधरा जण थांबून बोलले असते, कुत्र्याशी. मोकळ्या हाताने तेच तेच रस्ते तुडवणारा माणूस काय शोधतोय हे कोणाला कळेना. वाटेतल्या खांबावर ‘नेबरहूड वॉच’ची पाटी आहे. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या घरांवर नजर ठेवायची, ही चळवळ ब्रिटनमध्ये १९८२ साली चेशायरमधल्या मॉलिंग्टन नावाच्या खेड्यात सुरू झाली. आमच्याकडे हे काम त्याआधी कित्येक शतकं बिनपाटीचं चाललं असणार. दुसऱ्या महिन्यात आजीबाईंनी त्यांचा म्हातारा स्पॅनियल रोज संध्याकाळी माझ्याकडे सोपवायला सुरुवात केली. मला वाटलं त्यांचे पाय दुखतात. ते दुखत नव्हते. त्यांनी माझी सोय लावली होती.

चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत आणि मनोरा आमच्या खिडकीसमोर आहे. इंग्लिश चर्चमधल्या घंटा सुरात वाजवत नाहीत, गणितात वाजवतात. सहा घंटांचे जितके क्रम होऊ शकतात तितके, म्हणजे ७२०, एकही क्रम पुन्हा न येऊ देता वाजवायचे. पूर्ण वाजवायला जवळपास अर्धा तास लागतो. गुरुवारी संध्याकाळी सराव. सहाव्या घंटेला माणूस मिळत नव्हता. एका गुरुवारी त्यांच्यातले दोघं दारात आले आणि म्हणाले, “गुरुवारी तुमची मीटिंग साडेसहाला संपते.” ती खरोखरच साडेसहाला संपायची. माझ्या साहेबांना हे माहीत नव्हतं. त्यांना साडेपाचलाच संपते असं वाटायचं.

या सगळ्या ज्ञानाचं केंद्र म्हणजे बसथांबा. ज्येष्ठांना इंग्लंडमध्ये सकाळी साडेनऊनंतर बसप्रवास फुकट असतो, त्यामुळे साडेनऊनंतरची पहिली बस म्हणजे गावची आमसभाच. पॅरिश कौन्सिल नावाची रीतसर ग्रामपंचायत १८९४च्या कायद्याने मिळालेली आहे, पण ती बाकं, कुंपणं आणि पावसाची गटारं यांतून वर येत नाही. खरे विषय बसमध्ये निघतात. तिथेच आम्हाला आमचा घरमालक भेटला. म्हणजे तो पोर्तुगालला असतो, पहिली बायको ब्रिस्टलची, मोठ्या मुलाशी बोलत नाही, धाकट्याने पैसे बुडवले, आणि लहानपणी याच पोस्टातून गोळ्या चोरताना पकडला गेला होता, इतका भेटला. एजंटला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दर तीन महिन्यांनी, आधी चोवीस तासांची लेखी सूचना देऊन, बुरशीचे फोटो काढायला येत असे आणि चहा नको म्हणून निघून जाई.

दरम्यान कायदा बदलला. काहीही कारण न देता भाडेकरूला दोन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर काढायची सोय १९८८च्या हाउसिंग अ‍ॅक्टच्या कलम २१ मध्ये होती. ती १ मे २०२६ पासून गेली. तिथल्या भाडेकरूंना कारण ऐकायचा हक्क मिळाला तोही महाराष्ट्र दिनी, म्हणून आम्ही श्रीखंड केलं. फोडणी नसल्यामुळे गावाला तेवढी एक गोष्ट कळली नाही. आता मालकाने घर विकायचं म्हटलं, तर भाडेकरूचं पहिलं वर्ष उलटलेलं हवं आणि चार महिन्यांची नोटीस हवी.

आमचं पहिलं वर्ष उलटलं होतं. एके सकाळी आजीबाई रुबार्बच्या जॅमची बरणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर रविवारी दुपारी फार शांत वाटेल.” मी म्हटलं, आम्ही कुठे चाललोय? आजीबाईंनी आभाळाकडे बघितलं आणि दुपारी सर येईल म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात एजंटचा मेल आला: मालकांनी मालमत्ता विकण्याचा निर्णय घेतला असल्याने कळवण्यात येते की वगैरे. कायद्यानुसार कारण दिलं होतं. पण खरं कारण, धाकट्याचं कर्ज आणि पोर्तुगालच्या घराचं छप्पर, मला साडेनऊच्या बसमध्ये आधीच मिळालं होतं.

नव्या जागेसाठी मी एजंटकडे गेलो नाही. बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. हवेबद्दल जे बोलायचं ते बोलून झाल्यावर, कोणाकडेही न बघता म्हटलं, “या भागात एका बेडरूमची जागा मिळणं अवघड झालंय.” आणि थांबलो.

शांतता बरीच लांबली, पण मीही आता कच्चा राहिलो नव्हतो. शेवटी निळ्या रेनकोटमधल्या बाई म्हणाल्या, “जुन्या शाळेतली एक रिकामी होतेय. दक्षिणेची खिडकी आहे, ओल कमी. तिथल्या मुलीला एक्सेटरला नोकरी लागलीये.”

“छान,” मी म्हटलं. “कधी जातेय ती?”

बाईंच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. प्रश्न विचारला गेला होता. पण मी परका, म्हणून त्यांनी सांभाळून घेतलं.

“तिची मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे,” त्या म्हणाल्या.